ही गोळी कुटू नका

सोनाळ्याच्या महिला बचत गटांतर्फे आम्ही बोलतोय.

बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की घरच्या दुखण्यांचं निघतंच. सासूबाईंना गोळी गिळवत नाही, म्हणून कुणी ती कुटून गुळासोबत देतं. पण गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर किंवा सीआर अशी इंग्रजी अक्षरं असतील, तर ती कुटायची नाही, चावायचीही नाही.

का? सब्जा भिजवला की दाण्याभोवती गिळगिळीत थर धरतो. अशा बऱ्याच गोळ्यांत पाण्यानं फुगणारा पदार्थ असतो. पोटात तो फुगतो आणि औषध त्यातून बारा-चोवीस तास हळूहळू झिरपतं.

असं औषध धरून ठेवणारे पापुद्रे निसर्गातल्या पदार्थांपासूनही बनतात. समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून अल्जिनेट काढतात. त्याचा नुसता पापुद्रा पाण्यात विरघळून जातो. तो कॅल्शियमच्या पाण्यात बुडवला, की कॅल्शियम त्याचे धागे एकमेकांना बांधतं, गोधडीला टाके घालावेत तसं. टाके विरळ असले तर पापुद्रा जास्त फुगतो, औषध लवकर सुटतं. दाट असले तर सावकाश सुटतं. फारच दाट झाले तर पापुद्रा कडक होऊन तडकतो. म्हणून हे टाके मोजूनच घालावे लागतात. जखमेवर बांधायच्या पट्ट्याही अल्जिनेटच्या मिळतात.

अशी गोळी कुटली की ही सगळी बांधणी मोडते. दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. बीपीची गोळी असेल तर बीपी झपकन उतरून चक्कर येते, म्हातारं माणूस पडतं. आणि रात्री औषध उरतच नाही.

काही गोळ्यांचं रिकामं टरफल शौचातून पडतं. त्यातलं औषध अंगात गेलेलं असतं. घाबरून दुसरी गोळी देऊ नका.

गिळवत नसेल तर डॉक्टरांना सांगा. पातळ औषध किंवा दुसरी गोळी मिळू शकते. मधोमध रेघ असली तरी विचारूनच तोडा. मनानं औषध बंद करू नका. मेडिकलमधून सुट्या गोळ्या घेताना नाव आणि ही अक्षरं कागदावर लिहून मागा.

पुढच्या बैठकीला घरातली गोळ्यांची पाकिटं घेऊन या. आशाताईंनाही बोलावू आणि ती अक्षरं मिळून वाचू.