मुलीचें नांव ‘मुलगी’



बारशाच्या दिवशीं आत्याबाईंनीं पाळण्याशीं वांकून बाळाच्या कानांत ‘मुलगी’ हेंच नांव सांगितलें, तर जमलेल्या बायका काय म्हणतील? प्रथम हंसतील, मग कोणी वडीलधारी बाई म्हणेल, ‘अग, मुलगी आहे हें दिसतेंच आहे, नांव सांग!’ परदेशीं गेलेल्या भाऊबंदांच्या एका आवडत्या नांवावर आयर्लंडांतील पुष्कळ लोक नेमका हाच आक्षेप घेतात. तें नांव ‘कॉलीन’.

आयरिश भाषेंत ‘कालीन’ म्हणजे मुलगी. मौज अशी कीं, त्या भाषेच्या व्याकरणांत हा शब्द पुल्लिंगी आहे. गोमंतकांत ‘चेडूं’, म्हणजे मुलगी, हा शब्द नपुंसकलिंगी आहे, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. इंग्रजी वळणानें या शब्दाचें ‘कॉलीन’ झालें, आणि अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथें तें मुलींचें नांव बनलें. आयर्लंडांत मात्र तें फारसें कोणी ठेवीत नाहीं.

असें कां व्हावें? १८४५ ते १८५२ या काळांत बटाट्याचें पीक कुजून आयर्लंडांत भयंकर दुष्काळ पडला. सुमारें १० लाख माणसें मेलीं आणि १० लाखांहून अधिक देश सोडून गेलीं. दुष्काळाचा घाला पश्चिमेकडील गरीब शेतकऱ्यांवर विशेष पडला, आणि आयरिश बोलणारे मुख्यतः तेच होते. १८५१ सालीं देशांत त्या भाषेचे सुमारें १५ लाख भाषिक होते. १८९१ सालीं ते ७ लाखही उरले नाहींत. परदेशीं गेलेल्यांचीं नातवंडें तर इंग्रजींतच वाढलीं. आजीच्या भाषेंतले चार-दोन शब्द काय ते घरांत राहिले.

त्यांतला ‘कॉलीन’ हा शब्द रंगभूमीनें सर्वतोमुखीं केला. १८६० सालीं न्यूयॉर्कमध्यें डायन बूसिकॉल्ट या आयरिश नाटककाराचें ‘द कॉलीन बॉन’, म्हणजे ‘गोरी मुलगी’, हें नाटक रंगलें, व त्याच वर्षीं तें लंडनलाही गाजलें. पुढें मूकपटांच्या काळांत कॅथलीन मॉरिसन नांवाची अमेरिकन नटी ‘कॉलीन मूर’ या नांवानें प्रसिद्धीस आली. आयर्लंडांत खरोखर रूढ असलेलें कॅथलीन हें नांव टाकून, तेथें रूढ नसलेलें नांव ‘आयरिश’ म्हणून घेतलें गेलें!

टीकाकारांचें म्हणणें असें कीं, हीं नांवें भाषेच्या अज्ञानांतून निघालीं. ‘एरिन’ हें देशाच्या नांवाचें केवळ एक विभक्तिरूप. ‘शॅनन’ ही तर नदी. यांपैकीं नदीचा आक्षेप महाराष्ट्रांत टिकणार नाहीं. येथें गोदावरी आणि कृष्णा घरोघर झाल्या आहेत. परंतु ‘कॉलीन’वरील आक्षेप अधिक खोल आहे. या शब्दाबरोबर नाटकांतली शालीखालची लाजरीबुजरी खेडवळ पोर डोळ्यांपुढें येते. साठ वर्षांच्या कर्त्या बाईनें जन्मभर ‘मुलगी’च कां राहावें?

आक्षेप खोटा नाहीं. पण नांव एकदां माणसाला चिकटलें कीं त्याचा कोशांतला अर्थ झिजून जातो. लोकमान्य टिळकांचें पाळण्यांतलें नांव केशव. परंतु घरांतील हांकेचें ‘बाळ’ हेंच इतिहासांत राहिलें, आणि तें ऐकून कोणाला तान्हें मूल आठवत नाहीं. ऑस्ट्रेलियांत १९३७ सालीं जन्मलेल्या कॉलीन मॅकलो यांनीं मज्जाशास्त्राच्या प्रयोगशाळेंत अनेक वर्षें काम केलें, आणि १९७७ सालीं ‘द थॉर्न बर्ड्‌स’ ही कादंबरी लिहून जगभर नांव मिळविलें. त्यांच्या नांवांत लाजरी पोर कोणी शोधली नाहीं.

व्याकरण आयर्लंडांतील टीकाकारांच्या बाजूचें आहे, हें मान्य केलें पाहिजे. परंतु ज्या घरांतून भाषाच गेली, त्या घरानें हातीं राहिलेला एक शब्द लेकीला दिला, तर त्यास अज्ञान म्हणून हंसणें निष्ठुरपणाचें आहे. मात्र नांव ठेवणाऱ्यानें एवढें करावें: मुलगी जाणती झाली कीं तो शब्द कोणत्या भाषेचा, ती भाषा घरांतून कां गेली आणि त्या वेळीं देशांत काय घडलें, हें तिला सांगावें. मग ‘तुझें नांव नुसतें मुलगी!’ असें कोणी चिडविलें, तरी उत्तर तिच्यापाशीं असेल.