यंत्राने दाखवलेले नाव म्हणजे पुरावा नव्हे



लष्करी गुप्तवार्तेत काम करणारे आणि डेटा-विश्लेषणात काम करणारे एकाच सभागृहात बसले आहेत, याचे मला मोठे समाधान आहे. लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाची प्रशिक्षणशाळा पुण्यात आहे, तेव्हा ही बैठक इथे होणे उचितच. अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. आता थेट विषयाला हात घालतो, आणि सुरुवात करतो एका रबरी झालरीपासून.

१७ जुलै २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचे एमएच१७ हे विमान पूर्व युक्रेनवर पाडले गेले. २९८ माणसे मेली. क्षेपणास्त्र ‘बुक’ जातीचे होते. ते कुणी डागले, यावर वाद पेटला. दुसऱ्या दिवशी पहाटे लुहान्स्कमधून ट्रेलरवर नेल्या जाणाऱ्या एका बुक वाहनाचे चित्रण बाहेर आले. त्यावर एक क्षेपणास्त्र कमी दिसत होते. हे चित्रण युक्रेनच्या ताब्यातल्या गावातले आहे, असे रशियाने सांगितले. अभ्यासकांनी चित्रणातला जाहिरातफलक आणि आजूबाजूच्या खुणा प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहिल्या. जागा लुहान्स्कचीच निघाली.

खरी चिकाटी पुढेच लागली. जून महिन्यात रशियाच्या कुर्स्कमधून ५३व्या विमानवेधी ब्रिगेडचा ताफा निघाला होता आणि वाटेवरच्या लोकांनी त्याचे फोटो सहज म्हणून समाजमाध्यमांवर टाकले होते. बुक वाहनाच्या साखळीपट्ट्यांवर रबराची झालर असते. वापरात ती झिजते, फाटते, दुमडते, आणि प्रत्येक वाहनावर वेगळ्या तऱ्हेने. ‘बेलिंगकॅट’ या शोधपत्रकारांच्या गटातल्या मंडळींनी युक्रेनमध्ये दिसलेल्या बुकच्या आणि ताफ्यातल्या बुकच्या झालरीचे फाटणे-दुमडणे एकेका फोटोत जुळवले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तपास पथकही ५३व्या ब्रिगेडपाशीच पोहोचले. नोव्हेंबर २०२२ मध्ये डच न्यायालयाने चार आरोपींपैकी तिघांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप सुनावली, चौथ्याला सोडले. त्या खटल्यात फोनवरची संभाषणे होती, साक्षीदार होते, तज्ज्ञांचे अहवाल होते. एकट्या फोटोच्या बळावर कुणाला दोषी धरले गेले नाही.

मित्रहो, ही गोष्ट आज सांगण्याचे कारण असे की, आपल्याकडे साधने झपाट्याने येत आहेत आणि ही चिकाटी मागे पडते आहे. लाखो खाती चाळून संशयितांची यादी हातात देणारी प्रणाली विकत घेतली की काम संपले, अशी समजूत वाढते आहे. या समजुतीला विरोध करण्यासाठीच मी उभा आहे.

साधे गणित करू. समजा, १० लाख खात्यांत १०० खाती खरोखर शत्रूची आहेत. प्रणाली ९९ टक्के वेळा अचूक आहे, म्हणजे खरे ओळखण्यातही आणि निर्दोषाला सोडण्यातही. ती १०० पैकी ९९ पकडेल. पण उरलेल्या ९,९९,९०० निर्दोष खात्यांपैकी एक टक्का, म्हणजे ९,९९९ खातीही पकडेल. यादीत दहा हजारांहून अधिक नावे आणि त्यांत खरी शंभरात एकही धड नाही! ‘९९ टक्के अचूक’ ही जाहिरात खोटी नाही, पण यादीतल्या माणसाबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही. त्या नावांमागे घरे आहेत, नोकऱ्या आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. देशाच्या सुरक्षेचे काम करणाऱ्यांनी तो हक्क सर्वांत आधी पाळला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी बाजू आपल्याच उघडेपणाची. २६/११ ला मुंबईत हल्लेखोरांचे पाकिस्तानातले सूत्रधार दूरचित्रवाणीवरचे थेट प्रक्षेपण पाहून फोनवर सूचना देत होते. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. आता वाहिन्यांचीही गरज उरलेली नाही. २०१८ च्या जानेवारीत एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिले की, ‘स्ट्राव्हा’ या व्यायामाच्या अ‍ॅपच्या नकाशावर अफगाणिस्तान-सीरियातले लष्करी तळ स्पष्ट उमटले आहेत. जवानांच्या धावण्याच्या वाटांनीच ते रेखले होते. २०२० मध्ये भारतीय लष्कराने जवानांना ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितले, ते योग्यच होते. पण जवानाचा फोन बंद केला तरी त्याच्या घरच्यांचा, गावच्या मित्राचा, रस्त्यावरच्या माणसाचा चालूच राहतो.

आणि मे २०२५! ‘ऑपरेशन सिंदूर’च्या त्या दिवसांत संगणकावरच्या युद्धखेळांतली दृश्ये खरी म्हणून हजारोंनी पुढे पाठवली. अशा वेळी चित्र पुढे आले की ते पूर्वी कुठे दिसले आहे का, सावली सांगितलेल्या वेळेशी जुळते का, पाटी कोणत्या लिपीत आहे, हे पाहायला बसलेले माणूस हवे. ते माणूस भाषा जाणणारे हवे. पश्तो, बलुची, सिंधी, तिबेटी, बर्मी यांतला टोमणा, शिवी आणि खरी धमकी यांतला फरक यंत्राला अजून नीट कळत नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, रशियन, जपानी शिकवणाऱ्या या शहराला अशी भाषा जाणणाऱ्या माणसांची कमतरता भरून काढणे अवघड नाही. जागा मंजूर करा, पगार नीट द्या, विद्यार्थी येतील.

लष्करी गुप्तवार्तेत एक जुनी शिस्त आहे. बातमीला दोन वेगळ्या श्रेणी देतात: बातमीदार किती भरवशाचा यासाठी अक्षर, बातमी किती खरी वाटते यासाठी आकडा. भरवशाचा माणूसही चुकीची बातमी आणू शकतो, आणि अविश्वासू माणसाकडून खरी येऊ शकते. समाजमाध्यमांच्या काळात ही शिस्त मोडीत निघते आहे, कारण एकच मजकूर पन्नास खात्यांवर दिसला की त्याला पन्नास दुजोरे समजले जातात. प्रत्यक्षात त्यांचा उगम एकच असतो.

म्हणून या परिषदेला माझी विनंती आहे. प्रणालीने पुढे केलेल्या प्रत्येक नावावर या दोन्ही श्रेणी नोंदवल्याशिवाय आणि ते तपासणाऱ्या माणसाची सही असल्याशिवाय कोणताही अहवाल वरिष्ठांकडे जाऊ नये, असा ठराव आज संध्याकाळच्या सत्रात मांडावा. ‘अजून पडताळलेले नाही’ असे लिहिणाऱ्या कनिष्ठ विश्लेषकावर त्या वाक्यासाठी कधीही ठपका ठेवला जाणार नाही, हेही त्यात स्पष्ट लिहावे. त्या ठरावावर पहिली सही मी करीन.