मदरबोर्डाची निवड



तयार संगणक विकत न घेतां त्याचा एकेक भाग निवडून तो घरींच जोडावा, अशी हौस पुष्कळ घरांतील तरुण मंडळींना असते. आणि कित्येकदां ती हौस नसून निव्वळ काटकसर असते. अशा घरांतील वडील, काका, मामा यांच्यापुढें शेवटीं एक प्रश्न येऊन पडतो : मदरबोर्ड कोणता घ्यावा? प्रोसेसरचा वेग आंकड्यांत सांगतां येतो, डिस्कची सांठवण आंकड्यांत सांगतां येते. मदरबोर्डाचें तसें नाहीं. तो चांगला असला म्हणून संगणक जलद होत नाहीं. वाईट असला तर मात्र मंद होऊं शकतो. त्यामुळें कोणी म्हणतो, सर्वांत स्वस्त असेल तो उचला. कोणी म्हणतो, सर्वांत महाग असेल तो घ्या म्हणजे चिंता नको. ह्या दोन्ही सल्ल्यांच्या मधली वाट काढण्याच्या नादांत मी स्वतः एकदां चांगलाच फसलों आहें, आणि तो अनुभव जमेस धरूनच आज आपल्याशीं बोलत आहें.

१९८१ सालीं आय्. बी. एम्. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, तेव्हां त्याच्या मुख्य बोर्डावर निरनिराळीं कार्डें बसविण्यासाठीं पांच खांचा ठेवलेल्या होत्या. त्या यंत्राचें भाग्य पुष्कळ अंशीं ह्या पांच खांचांत होतें, असें मला वाटतें. कारण त्यांच्यामुळें घेणाऱ्याला आपल्या गरजेप्रमाणें यंत्र वाढवितां येऊं लागलें. आजही मदरबोर्ड घेणें म्हणजे मुख्यतः जागा घेणें होय. रॅम वाढवितां येते, डिस्क बदलतां येते, प्रोसेसरसुद्धां बदलतां येतो. परंतु बोर्डावर जी खांच मुळांतच नाहीं, ती मागाहून कोणत्याही किंमतीस मिळत नाहीं.

प्रोसेसर ज्या बैठकीवर बसतो तिला सॉकेट म्हणतात. ही बैठक किती वर्षें चालणार, हें घेतांनाच पाहिलें पाहिजे. ए. एम्. डी. कंपनीच्या एएम४ सॉकेटसाठीं पहिले रायझन प्रोसेसर २०१७ सालीं आले, आणि २०२२ सालीं निघालेला ५८००एक्स३डी हाही त्याच सॉकेटचा. उलट इंटेलचें ११५१ पिनांचें सॉकेट २०१५ सालीं आलें. २०१७ च्या अखेरीस त्याच आंकड्याच्या सॉकेटचे आठव्या पिढीचे प्रोसेसर आले, पण ते जुन्या बोर्डांवर चालेनात. पिनांची संख्या तीच, आकार तोच, आणि तरीही नवा बोर्ड घेणें भाग! ए. एम्. डी.नेंही असा घाट घातला होता. मे २०२० मध्यें त्या कंपनीनें सांगितलें कीं, पुढचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहींत. बायॉस ज्या चिपमध्यें राहतो तिची जागा अपुरी आहे. ग्राहकांनीं एवढा गहजब केला कीं त्याच महिन्यांत कंपनीला आपला शब्द फिरवावा लागला. ग्राहकांनीं ओरडावें, हें कधीं कधीं उपयोगी पडतें तें असें. २०२२ सालीं आलेल्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ जातीची रॅम चालते, म्हणून जुन्या पट्ट्या घरांत असतील तर त्यांचा तेथें उपयोग नाहीं. इंटेलच्या १७०० पिनांच्या सॉकेटवर बाराव्या ते चौदाव्या अशा तीन पिढ्या बसल्या. २०२४ च्या नव्या पिढीसाठीं १८५१ पिनांचें दुसरें सॉकेट आलें.

आतां माझी फजिती सांगतों. २०२१ सालीं माझी एक भाची पुण्यास वास्तुकलेच्या महाविद्यालयांत होती. नकाशे काढावयाचे, इमारतींचीं त्रिमिति चित्रें करावयाचीं, म्हणून संगणक जोडण्याचें ठरलें. सर्व भाग मीं सुचविले. प्रोसेसर रायझन ५६००एक्स, म्हणजे २०२० च्या अखेरचा. बोर्ड बी४५० चिपसेटचा, म्हणजे मूळ २०१८ चा. दोन्ही एकमेकांस चालतात, हें मीं कंपनीच्या यादींत पाहिलें होतें. जोडणी झाली, आणि रात्रीं दहा वाजतां भाचीचा फोन आला : "मामा, पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच आहे."

बोर्ड दुकानांत बराच काळ पडून राहिलेला होता आणि त्यांतील बायॉस प्रोसेसरहून जुना होता. बायॉस म्हणजे संगणक सुरू होतांच प्रोसेसर, रॅम यांना ओळखून कामाला लावणारी मूळ आज्ञावली. ती नवी करावयाची तर आधीं संगणक चालू व्हावयास हवा, आणि संगणक चालू व्हावयाचा तर ती नवी हवी! दुकानदार म्हणाला, खोकें फोडलेला माल परत घेत नाहीं. शेवटीं एका वर्गमित्राचा जुना प्रोसेसर दोन तासांपुरता मागून आणून काम झालें. पण तोंपर्यंत नऊ दिवस गेले होते, आणि त्या सत्राचें काम तिला मैत्रिणीच्या यंत्रावर रात्रीं जागून पुरें करावें लागलें. दोष थोडा दुकानदाराचा, अधिक माझा. त्या यादींत प्रोसेसरच्या नांवापुढें बायॉसची आवृत्तीही छापलेली होती. मीं नांव पाहिलें. पुढचा रकाना पाहिला नाहीं. आज पुष्कळ बोर्डांच्या पाठीमागें यासाठीं एक बटण असतें. त्याच्या साह्यानें प्रोसेसर नसतांनाही पेनड्राइव्हवरून बायॉस नवा करतां येतो. त्या एका बटणासाठीं थोडे पैसे अधिक पडले तरी मी ते आनंदानें देईन.

दुसरी गोष्ट विजेची, आणि ती आपल्या हवेंत विशेष महत्त्वाची आहे. बोर्डाकडे वीज १२ व्होल्टनें येते. प्रोसेसरला ती सव्वा व्होल्टच्या आसपास लागते. प्रोसेसर १२० वॅट घेत असेल, आणि दाब १.२ व्होल्ट असेल, तर प्रवाह झाला १०० अँपियर. घरच्या एक हजार वॅटच्या इस्तरीला चार-साडेचार अँपियर पुरतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे सॉकेटभोंवतींच्या त्या लहान चौकोनी तुकड्यांवर किती भार असतो याची कल्पना येईल. ते तापतात. फार तापले म्हणजे बोर्ड स्वतःला वांचविण्यासाठीं प्रोसेसरचा वेग उतरवितो. नागपुरास मे महिन्यांत जेथें खोलीच तापलेली असते, तेथें ह्या तुकड्यांवर उष्णता पसरविणारा धातूचा जाड ठोकळा आहे कीं नाहीं, हें डोळ्यांनीं पाहून घ्यावें. खोक्यावर 'फेज' किती याचा मोठा आंकडा छापतात. त्यावर एकट्यावर विसंबूं नये, कारण मोजण्याची रीत प्रत्येकाची निराळी असते. साधा, कमी वॅटचा प्रोसेसर घेणाऱ्याला मात्र ही काळजी फारशी नको.

खांचांच्या बाबतींत लांबीला भुलूं नये. दोन लांब खांचा दिसतात, पण दुसरीला पुष्कळदां सोळाऐवजीं चारच मार्गिका जोडलेल्या असतात. तसेंच कांहीं बोर्डांवर दुसरी एम.२ डिस्क बसविली कीं साटा डिस्कचीं एक-दोन तोंडें बंद पडतात. हें सर्व माहितीपुस्तकांत असतें, बारीक अक्षरांत. पुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतें, तें खरेदीपूर्वीं वाचावें. रॅमच्या खांचा शक्य तर चार घ्याव्या. माझे मेहुणे दोन खांचांच्या बोर्डावर अडून बसले होते, भाची चारांवर. २०२३ सालीं सोळा जी. बी. ची रॅम अपुरी पडूं लागली, तेव्हां जुन्या पट्ट्या न काढतां तिनें तशाच दोन पट्ट्या शेजारीं बसविल्या, आणि मेहुणे त्या दिवशीं कांहीं बोलले नाहींत.

आकाराविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ पर्यंत, मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. बहुतेक घरांना मधला पुरतो. रंगीत दिव्यांच्या बोर्डाबद्दल माझें मत विचाराल तर दिवाळी वर्षांतून एकदांच येते.

लॅमिंग्टन रोडवर जा कीं पुण्याच्या तपकीर गल्लींत, बोर्डाचें खोकें तेथेंच उघडवावें. इंटेलच्या आणि एएम५ च्या बोर्डांत नाजूक पिना सॉकेटमध्येंच असतात. टोपी उचलून विजेरीच्या उजेडांत पाहावें, एखाददुसरी वांकलेली असेल तर त्या जागची चमक निराळी दिसते. बोर्डाचा अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. आणि ती प्लास्टिकची टोपी फेंकून देऊं नये. हमीच्या मुदतींत बोर्ड परत पाठविण्याची वेळ आली तर ती लावूनच पाठवावा लागतो. आमच्या घरीं ती सुपारीच्या डब्यांत ठेवलेली आहे.