परतीची वाट शिकविणारी शाळा



गेल्या दिवाळींत घाटकोपरचा माझा एक जुना विद्यार्थी आईला घेऊन घरीं आला होता. तारकर्लीच्या समुद्रांत तो स्कूबाची बुडी शिकला, पुढें अंदमानासही जाऊन आला. आतां त्याला पाण्यानें भरलेल्या गुहांत उतरावयाचें आहे. "सर, रजा पंधरा दिवसांची आहे. शिकावयास मेक्सिकोला जाऊं कीं फ्लॉरिडाला?" असा त्याचा प्रश्न होता. आई कांहींच बोलली नाहीं. पण उत्तराची वाट तिच्याइतकी दुसरें कोणी पाहत नव्हतें. मी स्वतः पाणबुड्या नव्हे. तथापि शाळा कशी पारखावी, एवढें जन्मभराच्या मास्तरकीनें मला शिकविलें आहे. म्हणून चार दिवसांची मुदत मागून, मिळेल तें वाचून मीं त्याला जें सांगितलें, तेंच आज आपणांपुढें मांडतों.

हें शिक्षण येथेंच कां मिळूं नये, असें कोणी विचारील. आम्हां उपनगरवासीयांना गुहांची वाण नाहीं. बोरिवलीस कान्हेरी, अंधेरीस महाकाली, शिवाय जोगेश्वरी आहेच. कान्हेरीस तर शंभरांहून अधिक लेणीं असून त्यांच्याजवळ पाण्याच्या पोढीही खोदलेल्या आहेत. परंतु हीं लेणीं माणसानें काळ्या कातळांत कोरलेलीं. पाण्यानें पोखरलेल्या लांबच लांब गुहा बहुधा चुनखडीच्या दगडांत होतात. कारण किंचित् आम्ल झालेलें पावसाचें पाणी तो दगड हळूहळू विरघळवितें. सह्याद्रीचा कातळ तसा विरघळत नाहीं. मेघालयांत चुनखडीच्या मोठमोठ्या गुहा आहेत खऱ्या. पण जलगुहांत उतरण्याच्या रीतसर शिक्षणाची परंपरा वाढली ती फ्लॉरिडा, मेक्सिकोचा युकातान भाग, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणीं.

लहानपणीं माझ्या काकांनीं मला गांवच्या विहिरींत पोहावयास शिकविलें. पाठीला भोपळा बांधण्यापूर्वीं त्यांनीं मला पायऱ्या धरून दहा वेळां पाण्यांतून बाहेर चढावयास लाविलें. आंत पडणें कोणालाही येतें, बाहेर येणें शिकावें लागतें, हा त्यांचा पहिला पाठ. विहिरींत निदान डोक्यावर आकाश असतें. घाबरलेला मुलगा हातपाय मारीत वर येतो. जलगुहेंत वर दगड असतो. तेथें सुटकेची दिशा वर नसून मागें असते. आणि तळचा गाळ एकदां ढवळला, कीं ती मागची वाट दिव्याच्या उजेडांतही दिसत नाहीं.

शेक एक्झली नांवाच्या अमेरिकन पाणबुड्यानें अशा गुहांतील अपघातांचा अभ्यास करून १९७९ सालीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांतून व पुढील अनुभवांतून पांच नियम रूढ झाले. शिक्षणावांचून आंत जाऊं नये. बाहेरच्या मोकळ्या पाण्यापासून अखंड दोरी आंत न्यावी. हवेचा एक-तृतीयांशच भाग जातांना खर्चावा. आपल्या शिक्षणाच्या मर्यादेपेक्षां खोल उतरूं नये. प्रत्येकापाशीं तीन दिवे असावेत. हवेचें गणित पाहा. सिलिंडरांत २१० बार दाब असला, तर ७० खर्च होतांच, म्हणजे कांटा १४० वर येतांच, परत फिरावयाचें. पुढचे ७० परतीचे. शेवटचे ७० आपले नव्हेत. ते सोबत्याची हवा संपली तर त्याच्यासाठीं.

आतां स्थळांचा विचार करूं. उत्तर फ्लॉरिडांतील अनेक झऱ्यांतून पाणी जोरानें बाहेर येतें. आंत शिरतांना नवशिका दमतो, पण परततांना तोच प्रवाह त्याला बाहेर आणतो. युकातानांत, तुलुम गांवाच्या आसपास, पाणी बहुधा संथ, उबदार व कांचेसारखें स्वच्छ असून पुष्कळ ठिकाणीं खोलीही बेताची असते. मात्र तेथें परतीला प्रवाहाचें साह्य नाहीं, वाटांना फाटे फार, आणि छतापासून लोंबणारे चुन्याचे नाजूक स्तंभ एका लाथेनें मोडतात. साक आक्तून व दोस ओखोस ह्या तेथील दोन गुहा एकमेकींस जोडलेल्या असल्याचें २०१८ सालीं आढळलें, तेव्हां त्यांची एकूण लांबी ३४७ किलोमीटर भरली! एके ठिकाणीं शक्तीची परीक्षा, तर दुसऱ्या ठिकाणीं नेमकेपणाची. मला विचाराल तर पहिल्या पाठास संथ पाणी बरें; पण त्याहून महत्त्वाचा तो शिक्षक.

म्हणून मीं त्याला शिक्षकास विचारावयाचे चार प्रश्न लिहून दिले. एका वेळीं शिष्य किती घेतां? डोळे झांकून, केवळ दोरी चांचपीत बाहेर येण्याचा सराव किती वेळां करवितां? आरंभीचे दिवस दाराशीं, उजेडाच्या टप्प्यांत जातात, कीं एकदम अंधारांत? आणि दाखला आपण आजवर किती जणांना नाकारला? ज्यानें कोणालाच नाकारला नाहीं, जो अमुक दिवसांत पुऱ्या दाखल्याची हमी देतो, तो दाखल्यांचा व्यापारी होय. त्याची फी कितीही कमी असली तरी तो महागच पडावयाचा.

हें भय मी उगीच घालीत नाहीं. २०१८ सालीं थायलंडच्या थाम लुआंग गुहेंत बारा मुलें व त्यांचा शिक्षक अडकले, तेव्हां पाणी उपसण्याच्या कामीं आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही साह्यास गेले होते. १० जुलैपर्यंत ते तेराही जण सुखरूप बाहेर आले. पण ६ जुलैस समन कुनान हा नौदलांतील माजी पाणबुड्या हवेचे सिलिंडर आंत पोंचवून परत येतांना मृत्यु पावला. खुद्द एक्झलीही १९९४ सालीं मेक्सिकोंतील साकातोनच्या अतिखोल बुडींत गेला. मोठमोठ्यांची ही गत. मग पंधरा दिवसांच्या शिष्यानें किती जपावें!

माझ्या विद्यार्थ्यानें बेत बदलला आहे. प्रथम तारकर्लीस जाऊन पाण्यांत तळाला न टेकतां, वर न तरंगतां एका जागीं स्थिर राहण्याचा सराव तो करणार आहे. पावसाळ्यांत तेथील समुद्र बंद असतो, तेव्हां मुलुंडच्या तलावांत रोज पोहून दम वाढविणार आहे. त्यानंतर युकातानांत उजेडाच्या टप्प्यांतील पहिली पायरी तेवढी शिकावयाची. पुढच्या पायऱ्या पुढच्या रजेस. जातांना त्याच्या आईनें तो चार प्रश्नांचा कागद त्याच्या हातून घेतला, नीट घडी घातली आणि आपल्या पिशवींत ठेवला. शिक्षकाकडून उत्तरें आलीं, कीं तीं तिला वाचून दाखवावीं, असें ठरलें आहे.