आधी ओठी, मग माथी



नमाजाला उभं राहण्यापूर्वी आम्ही वझू करतो. हात, तोंड, पाय धुतो. दिवसातून पाच वेळा. त्यामुळे ख्रिस्ती मित्रांच्या बाप्तिस्म्याचं मला पहिलं नवल वाटतं ते हे, की त्यांचं ते पाणी जन्मात एकदाच. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ बुडवणं. आम्ही ज्यांना हजरत याह्या म्हणतो, त्या योहानानं यार्देन नदीत येशूला बाप्तिस्मा दिला. संत पौल म्हणतो, पाण्यात जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, वर येणं म्हणजे नव्या जीवनात उठणं. कुणी तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालतात, कुणी जाणत्या माणसालाच पाण्यात बुडवतात. पंथापंथांचा तो वाद जुना आहे, त्यात मी पडत नाही.

आपल्या गावगप्पांत मात्र या सगळ्याला एकच शब्द, 'बाटला'. पौल जिथं नवा जन्म पाहतो, तिथं आपण विटाळ पाहतो.

कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढं पतीजवळ आल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं. मग एके दिवशी त्यांच्याच मनानं घेतलं, की जाती माणसांनी केल्या, यापुढं कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतरचा. 'स्मृतिचित्रे' वाचताना हा क्रम मला थांबवतो. दुसऱ्याच्या हातचं पाणी आधी घशाखाली उतरलं, मग डोक्यावर आलं. कुणी ओढून नेलेली बाई अशी जात नाही.

आणि आपला खानदेशचा बालकवी! धरणगावचा त्र्यंबक ठोंबरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्याला ही पदवी मिळाली. पुढं तो नगरला टिळकांच्या घरी पोरासारखा राहिला, जेवला, रुसला. बाप्तिस्मा काही त्यानं घेतला नाही, आणि त्यावाचून त्या घरात त्याचं काही अडलंही नाही. १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ तो रेल्वेखाली गेला. चाळीसगावहून भुसावळला जाताना जळगावनंतर भादली येतं, तेव्हा मी खिडकीशी सरकतो.

त्याच सुमारास, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला होता. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ! ज्या पाण्यासाठी त्यांनी स्वतःचा संसार पणाला लावला, त्याची अट त्यांनी दारात ठेवली नाही. बाप्तिस्मा त्यांनी हलका मानला, असं कुणी समजू नये. त्याची किंमत त्यांच्याइतकी कुणी मोजली होती? पण ते पाणी माणसाला आत घेण्यासाठी आहे, बाहेर ठेवण्यासाठी नाही, असं त्यांना वाटलं असावं. हा माझा अंदाज, एका कवीनं दुसऱ्या कवीविषयी केलेला.

मे १९१९ मध्ये टिळक मुंबईत वारले. त्यांच्या माघारी तो दरबार फार काळ भरला नाही.