मुलांचा छंद व आईबापांचा धीर
(पालकांच्या सभेंतील भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आईबापांपुढें दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. मुलांचे छंद आपणां पालकांस धीर कसा शिकवितात, हा विषय आम्हीं घेतला आहे. उदाहरण आपल्या देवालयांत परिचित अशा व्हायोलिनाचें घेऊं.

सतारीला पडदे असतात; व्हायोलिनाला ते नाहींत. स्वराची जागा मुलानें आपल्या कानानेंच शोधावयाची असते. बोट केसभर सरकलें कीं स्वर बिघडतो. गज अधिक दाबला कीं तार करकरते. म्हणून पहिले कांहीं महिने घरांत जो कर्कश आवाज होतो, तें आळसाचें नव्हे, शोधाचें लक्षण होय. आपलें चुकतें आहे हें मुलालाही ऐकूं येत असतें. अशा वेळीं "पुरे कर ती कुईकुई" असें आपण म्हटलें, कीं तें ओशाळतें व एके दिवशीं व्हायोलिनाची पेटी मुकाट्यानें खाटेखालीं जाते.

लहान मुलांसाठीं पाव, अर्धें, पाऊण अशा मापांचीं व्हायोलिनें मिळतात. हात वाढतो तसें वाद्य बदलतें. वाद्य घडविणाऱ्या कारागिराला जें कळलें, तें आपणांस कळूं नये काय? आपली अपेक्षा मात्र पहिल्याच दिवशीं पूर्ण मापाची असते.

जपानांतील शिनिचि सुझुकि (१८९८–१९९८) या व्हायोलिनशिक्षकांचें म्हणणें असें, कीं मूल मातृभाषा शिकतें तसेंच ऐकून ऐकून संगीतही शिकतें. बाळाच्या बोबड्या बोलांवर कोणती आई रागावते? त्यांच्या पद्धतींत आई प्रथम स्वतः व्हायोलिन हातीं धरी. जिनें स्वतः गज ओढून पाहिला, ती लेकराला "एवढें सोपें येत नाहीं?" असें कधीं विचारणार नाहीं.

गोमंतकांत पोर्तुगीज अमदानींत देवालयांना जोडलेल्या शाळांतून मुलें स्वरलिपि व व्हायोलिन शिकत. पुढें गोमंतकीय वादकांनीं मुंबईचें चित्रपटसंगीत समृद्ध केलें. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांपैकींच. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. अशा वादकांचेही पहिले बेसूर स्वर कोणीतरी घरीं ऐकून घेतलेच असतील.

प्रत्येक मूल वादक होणार नाहीं, आणि त्यासाठीं हा धीर नव्हेच. जें मूल आपले कच्चे स्वर आईबापांसमोर निर्भयपणें काढतें, तेंच उद्यां आपली अडचण, आपला अपराधही त्यांच्यापाशीं निर्भयपणें बोलेल. जें आज खोलीचें दार लावून घेतें, त्याचें दार पुढें उघडणें कठीण जातें.

तेव्हां, बंधुभगिनींनो, रोज पंधरा मिनिटें हातांतलें काम बाजूस ठेवूं, शेजारच्या मुलाशीं तुलना न करतां आपल्या मुलाजवळ बसूं व तें जें वाजवील तें शेवटपर्यंत ऐकूं. मग तें व्हायोलिन असो, चित्रांची वही असो कीं तिकिटांचा संग्रह असो. इतकें आपणां सर्वांच्या हातून घडो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.