ओळखीचे भांडवल
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



शाळामास्तर उभा राहिला म्हणजे शिक्षणाच्या महतीवर बोलणार, अशी आपली समजूत झाली असेल. आज आम्ही निराळीच हकीगत सांगणार आहोत. गेल्या वर्षी आम्ही आयुष्यात प्रथमच उद्योजकांच्या मेळाव्यास गेलो, त्याची ही हकीगत.

कारण असे घडले. न्यासाच्या शिष्यवृत्तीवर आयटीआय पुरी केलेली तीन मुले एका संध्याकाळी आमच्या घरी आली. प्रमाणपत्रे हाती होती, परंतु चार महिने कारखान्यांच्या फाटकावरून परत फिरत होती. "सर, आत ओळखीचे कोणी आहे का, एवढेच विचारतात," असे त्यांतील एकाने सांगितले. त्याचे वडील हमाली करतात. त्याने ओळख आणावी कोठून? आम्ही ही गोष्ट आपल्या कोषाध्यक्षांच्या कानावर घातली. त्यांनी स्वतःस आलेले मेळाव्याचे निमंत्रण आमच्या हाती ठेवले व म्हणाले, "मास्तर, आमच्याऐवजी तुम्हीच जा."

मेळावा सकाळी सात वाजता, एका हॉटेलच्या सभागृहात होता. मंडळी एकमेकांस कार्डे देत होती. आमच्यापाशी कार्ड नव्हते. नाव ऐकून शेजारच्या गृहस्थांनी हिंदीत चौकशी आरंभिली. आम्ही मराठीत उत्तर दिले, तेव्हा ते हसले व पुढचे बोलणे मराठीतच झाले.

मग प्रत्येकाने उभे राहून एका मिनिटात आपली माहिती सांगावयाची, असा तेथील नियम. आम्हांस सवय चाळीस मिनिटांच्या तासाची. आम्ही न्यासाच्या स्थापनेपासून आरंभ केला. संस्थापकांचा त्याग सांगून होतो न होतो तोच घंटा वाजली. मुलांची गोष्ट ओठांवरच राहिली. आमच्या आधी पंप दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने तीन वाक्यांत काम भागविले होते: आपण कोण, काय करतो आणि कोणाची गाठ हवी आहे. वर्गात ज्यांस आम्ही "मुद्द्याचे बोला" म्हणून दटावतो, त्यांची त्या वेळी आठवण झाली.

चहाच्या वेळी हळूच निघून जावे असे मनात आले. पण घरी वाट पाहणाऱ्या मुलांना सांगणार काय? शेजारी उद्यमबागेतील एका ओतकामाच्या कारखान्याचे मालक उभे होते. मागणे मागण्याचे धैर्य होईना, म्हणून त्यांनाच विचारले, "सध्या आपणांस अडचण कशाची आहे?" गृहस्थ एकदम मोकळे झाले. "यंत्रे आहेत, मागणी आहे. पण ड्रॉइंग वाचून व्हर्नियरने नीट माप घेणारी मुले मिळत नाहीत." आम्ही म्हणालो, "अशी तीन मुले आमच्या ओळखीची आहेत." "मग सोमवारी पाठवा," ते म्हणाले.

पुढे आम्ही या विषयाचे थोडे वाचन केले. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 सालचा आहे. 2019 साली झालेल्या नियमदुरुस्तीनुसार 30 वा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनेने त्यांच्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. म्हणजे मालकांस मुले हवी होती, मुलांस काम हवे होते, कायदाही होता. नव्हती ती मधली ओळख.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली एक निबंध प्रसिद्ध केला. नोकरीची वार्ता पुष्कळदा जिवलगांकडून न येता क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून येते, असे त्यांस आढळले. कारण साधे आहे. जिवलगांस बहुधा आपल्याइतकेच ठाऊक असते. 1905 साली शिकागोत रोटरीची पहिली बैठक भरली, तेव्हा जमलेले चौघे वकील, कोळशाचे व्यापारी, खाण-अभियंता आणि शिंपी असे चार निराळ्या धंद्यांतले होते. सुखवस्तू घरच्या मुलास असा परिचय वडिलांकडून मिळतो. हमालाच्या मुलास तो कोणीतरी मिळवून द्यावा लागतो.

परंतु दुसऱ्याकरिता शब्द टाकणे हे कर्ज आहे, हेही आम्ही शिकलो. तिघांपैकी दोघे टिकले. तिसरा आठव्या दिवशी न सांगता निघून गेला. दुसरी पाळी सुटल्यावर त्याच्या गावी जाणारी बस नव्हती, आणि हे बोलण्याचा त्यास संकोच वाटला. आम्हांस त्या मालकांस तोंड दाखविण्याची लाज वाटू लागली. दोन दिवस टाळले व अखेर जाऊन खरे ते सांगितले. ते म्हणाले, "मुले जातात, त्याचे नवल नाही. पण त्याकरिता कोणी सांगावयास आले, असे प्रथमच घडले." पुढच्या महिन्यात त्यांनी आपणहून आणखी एक मुलगा मागितला.

सबब न्यासापुढे आमची एक नम्र सूचना आहे. आपण पन्नास वर्षे फी दिली, पुस्तके दिली. आता दरमहा एका रविवारी हे सभागृह उघडावे. कामधंद्यास लागलेले जुने विद्यार्थी व काम शोधणारे नवे यांस एकत्र बोलवावे. शेजारच्या वस्तीतील, अन्य भाषा बोलणाऱ्या कारखानदारांसही आमंत्रण द्यावे. आपण आपल्यांतच जमलो तर वार्ताही आपल्यांतलीच राहील. प्रत्येकाने आपली एक गरज सांगावी आणि दुसऱ्याची एक लिहून घ्यावी. मुलांस एका मिनिटात बोलावयाचे आम्ही शाळेत शिकवू. ज्याने शब्द टाकला त्याने महिन्याभराने चौकशी करावी, एवढे पथ्य पाळावे.

आता शिकलेला धडा म्हणून दाखवितो. आम्ही शाळामास्तर. आमच्या माहितीचा एक मुलगा टर्नरचे काम उत्तम करतो. त्यास दिवसपाळीचे काम हवे आहे. कोणास ठाऊक असल्यास सभा संपल्यावर आम्हांस अवश्य भेटावे.